माळी कुठल्या कपाटात

आमच्या लोणावळ्याच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक रंगीत पट्टी चिकटवलेली असते. गुलाबी म्हणजे प्रेमकथा, काळी म्हणजे रहस्य, पिवळी विनोदी, हिरवी ग्रामीण, केशरी पाककला आणि निळी म्हणजे आठवणी, आत्मचरित्रं, थोडक्यात खरं घडलेलं. ही पद्धत आमच्या समितीतल्या सरांनी आणली. सर शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांच्यातली शाळा काही निवृत्त झाली नाही. पट्ट्या कापायला ते घरून स्वतःची कात्री आणतात आणि जाताना आठवणीनं परत नेतात, कारण वाचनालयातली कात्री मी कशालाही वापरून बोथट केली असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे, पण मी अजून मान्य केलेलं नाही.

पट्ट्या आल्यापासून लोकांनी पुस्तकांची नावं विचारणं सोडूनच दिलं. 'ताई, नवी गुलाबी आलीय का?' 'ताई, एक जाडशी काळी काढा.' नवा माणूस आला तर त्याला वाटावं, हे रिबिनींचं दुकान आहे. घोरावाडीहून एक भाऊ येतात, ते काळ्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेत. घराजवळ वाचनालय असताना लोणावळ्यापर्यंत कशाला येता, असं मी एकदा विचारलं. 'पास हाय तर वापरायचा कुटं?' म्हणाले.

माझी आत्या जवळच, धरणाकाठी वलवणला राहते. तिनं लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. जन्म वलवणचा, घर भातशेतीचं, पण नोकरीत तिनं भाषा अशी घासूनपुसून लख्ख करून घेतली की घरीसुद्धा 'जरा थांबाल का' असं बोलायची. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, म्हणायचे, 'आमची ताई जेवायला बोलावती तवा वाटतं ट्रंक कॉल आलाय.' आत्या त्यावर हसायची नाही, पण रागवायचीही नाही. निवृत्त झाल्यावर तिनं एक कादंबरी लिहिली. एकच, पण चांगली उशीएवढी.

तिची गोष्ट थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कादंबरीचे तीन खंड आहेत. पहिल्याचं नाव 'आलेली बाई'. धरणाजवळच्या बंगल्यावर एक बाई आजारातून उठल्यावर हवापालटाला येते. बंगल्यावर एक माळी आहे. दोघं एकमेकांशी धड बोलतही नाहीत, पण त्यांचं एकमेकांवर प्रेम बसलंय हे वाचणाऱ्याला कळतं. ती निघून जाते. दुसरा खंड 'माळी कुठे गेला'. एका सकाळी माळी नाहीसा होतो, धरणाच्या भिंतीवर त्याचा कंदील तेवढा सापडतो. हवालदार तपास करतो, माळी मिळत नाही, तो बुडाला असं सगळे धरून चालतात. मध्येच धरणावर कुणाला कंदील फिरताना दिसतो आणि चार प्रकरणं निव्वळ भुताची होतात. तिसरा खंड 'वलवणची पंगत'. मधे बरीच वर्षं गेली आहेत. त्याच हवालदाराच्या मुलीचं लग्न आहे आणि सगळा खंड म्हणजे त्या लग्नाचं जेवण: रुसलेले व्याही, हरवलेली सांडशी, आणि एका अबोल आचाऱ्याच्या हातचा एकेक पदार्थ, कृतीसकट. माळ्याचा उल्लेखसुद्धा नाही.

पण माळी आहे त्यात. आत्यानं तो बोट दाखवून दिला नाही, नुसता ठेवून दिलाय. मला तो पहिल्याच वाचनात सापडला, कारण मी आत्याच्या हातची आमटी खाऊन वाढलेय. मी लगेच तसं सांगायला गेले तर आत्या म्हणाली, 'तू घरची. तुझं धरत नाही.'

पुण्याच्या प्रकाशकांनी तिला विचारलं होतं, बाई, हे नक्की आहे काय? रहस्य म्हणू, सामाजिक म्हणू, की विनोदी? आत्या म्हणाली, कादंबरी म्हणा. त्यांनी मुखपृष्ठावर बंगला, चंद्र आणि एक पिस्तूल छापलं. कादंबरीत पिस्तूल कुठंही नाही. आत्यानं फोन करून ते त्यांच्या निदर्शनास आणलं, तेव्हा ते म्हणाले, चित्र तयार होतं.

पिस्तूल पाहून सरांनी पुस्तकाला काळी पट्टी लावली. भाऊंनी नेलं आणि पुढच्याच खेपेला टेबलावर ठेवलं. 'मुडदाच न्हाई. बाई नुसती खिडकीत बसती.' मग सरांनी पट्टी बदलून गुलाबी केली. आमच्याकडे एक मुलगी येते, उर्से टोलनाक्यावर कामाला आहे, गुलाबी कपाट तिनं जवळजवळ संपवलंय. ती म्हणाली, 'ताई, मधे उघडून बघितलं तर हिरो गायब आणि पोलीस चालू. मला झोप आली.' मग हिरवी लावून झाली. ज्यांनी नेलं ते म्हणाले, गावातलं आहे पण शेती कुठंय? शेवटी सर वैतागले. इतक्या वेळा पट्टी सोलून पुस्तकाची पाठ खरबरीत झाली होती. 'आपल्या आत्याबाईंनी एक काहीतरी ठरवायला हवं होतं,' असं मला सुनावून त्यांनी ते पट्टीशिवाय शेवटच्या कपाटात सगळ्यांत खाली ठेवून दिलं.

आत्या दर शनिवारी रिक्षानं यायची, अजूनही येते. आता तिच्या डोळ्यांत मधोमध डाग आलाय. बाजूचं दिसतं, समोरचं नाही, त्यामुळे वाचन बंद झालंय, स्वतःचं पुस्तकसुद्धा तिला वाचता येत नाही. शनिवारी पर्यटकांच्या गाड्यांनी बाजार तुंबलेला असतो, पण ती येतेच. टेबलाशेजारच्या खुर्चीत बसते, पदर सारखा करते आणि मला हळूच विचारते, 'सापडला का कुणाला?'

तो माळी. परक्या माणसानं, कुणी न सांगता, कादंबरी शेवटपर्यंत वाचून माळी ओळखावा, एवढंच तिला हवं होतं. कौतुक नको होतं, बक्षीस नको होतं. मी दर वेळी 'अजून नाही गं' म्हणायची. त्यावरचं तिचं ते 'बरं' ऐकून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी सरांवर खेकसायची.

लोणावळ्याच्या ओलीत कसलाच डिंक टिकत नाही. वाचलेली पुस्तकं सुटतात तशी न वाचलेलीही सुटतात. आत्याचं पुस्तकही पाठीतून सुटलं आणि इतर गठ्ठ्याबरोबर बाइंडरकडे गेलं. आमच्याकडे पूर्वीपासूनची पद्धत अशी की फार जाड पुस्तक असेल तर बाइंडर त्याचे भाग पाडतो, कारण आमचे वाचक आडवे होऊन वाचतात आणि जाड पुस्तक छातीवर पेलवत नाही. एरवी तो पाठीवर भाग एक, भाग दोन असं लिहितो. पण आत्याच्या प्रत्येक खंडाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पहिलं पान होतं, आणि पिस्तुलाचं मुखपृष्ठ तर केव्हाच निखळून गेलं होतं. बाइंडरला वाटलं, ही तीन पुस्तकं आहेत. त्यानं तीन सुबक पुठ्ठे बांधले आणि तीन पाठींवर तीन नावं घातली.

गठ्ठा आला तेव्हा मी रजेवर होते. सरांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाची पहिली काही पानं चाळली आणि पट्ट्या लावल्या. 'आलेली बाई' गुलाबी. 'माळी कुठे गेला' काळी. 'वलवणची पंगत' उघडली तर पहिल्याच पानावर पुरणाची डाळ किती शिजवावी याची चर्चा, म्हणून केशरी.

शनिवारी आत्या आली. का कुणास ठाऊक, त्या दिवशी ती उठून शेवटच्या कपाटापर्यंत गेली आणि खालच्या फळीवरून हात फिरवत राहिली. मग परत येऊन बसली. 'काढून टाकलंत का?' तिनं विचारलं. अगदी नेहमीच्या आवाजात. बाइंडिंगला गेलंय, येईल, असं मी म्हटलं, कारण मला तेवढंच माहीत होतं.

ती गेल्यावर मी शोधायला लागले, बाइंडिंगहून आलेल्या पुस्तकांच्या यादीत तिच्या खंडांची तीन नावं दिसली आणि सगळा घोळ उघडकीला आला. मी सरांना म्हटलं, तुम्ही माझ्या आत्याचे तीन तुकडे केलेत. सर म्हणाले, 'तीन पुठ्ठे, तीन नावं. मला काय स्वप्न पडणार होतं?' आमची चांगली जुंपली. तिन्ही ताबडतोब आणा, एकत्र बांधून टाकू, म्हणून मी उठले तर तिन्ही कपाटांत त्या जागा रिकाम्या. तिन्ही भाग वाचायला गेले होते. इतक्या वर्षांत जे घडलं नव्हतं ते बाइंडरच्या सुरीनं घडवलं होतं. सर माझ्याकडे बघत होते. मी जाऊन चहा सांगितला.

आधी भाऊ आले. त्यांनी काळं पुस्तक टेबलावर ठेवलं, पण हात वरून काढेनात. 'पयल्या पानापास्नं धरून ठिवलं बगा. पर शेवट कुटाय? माळी मेला का जगला, त्ये सांगतच न्हाई.' मी म्हटलं, भाऊ, याच्या पुढचं पुस्तक आहे, थोडं थांबा, परत आलं की देते. केशरी पट्टीचं आहे. त्यांचा चेहरा पडला. 'सैपाकाचं? आन त्ये मी गाडीत वाचत बसू?' नको म्हणाले आणि दुसरी काळी घेऊन गेले.

टोलनाक्यावरची मुलगी आली. तिला 'आलेली बाई' आवडली होती, पण ती चिडलेली होती. 'ती गाडीत बसून जाते आणि तो फाटक लावून घेतो. ताई, बस? एवढंच?' मी पुढचं विचारलं तर तिला काळं नको होतं. तिला त्या दोघांची भेट हवी होती, आणि ती पुढच्या दोन्ही खंडांत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मीही आग्रह केला नाही.

त्या शनिवारी आत्यानं विचारलं, तेव्हा दोघांनी वाचलं एवढं सांगून टाकावं असं फार मनात आलं. पण माळी कुणालाच सापडला नव्हता. 'अजून नाही गं,' मी म्हटलं.

केशरी पुस्तक वलवणच्याच एका मावशींनी नेलं होतं. त्या हॉटेलांत काम करणाऱ्या मुलांसाठी खानावळ चालवतात. ईदला शिरखुर्म्याचा डबा वाचनालयात पोचता करतात आणि डबा रिकामा मिळाल्याशिवाय उठत नाहीत. पाककलेचं कपाट त्यांच्यामुळेच हलतं. पुस्तक त्यांनी मुदतीनंतर आणलं, हळदीची बोटं उमटलेलं, आणि सर बघायच्या आत माझ्या हातात सरकवलं.

'ताई, ह्यातली आमटी केली म्या,' त्या म्हणाल्या. 'गवती चहाची पात घ्यायची, तिची गाठ मारायची, उकळीत सोडायची आन वाढताना काढायची. पोरांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या.'

पंगतीत एक व्याही तीच गाठ आपल्या वाटीतून वर काढतो आणि आचाऱ्यानं आम्हाला दोरी वाढली म्हणून ओरडतो, मग सगळा मांडव हसतो. मावशींना तेही आवडलं होतं. पण त्या घुटमळत होत्या.

'एक इचारू? ह्यातली मान्सं एकमेकास्नी वळखत्यात. आदी कायतरी झालंय. हवालदार आचाऱ्याकडं बगतो आन गप बसतो. का म्हून?'

मी त्यांना 'माळी कुठे गेला' काढून दिलं. काळी पट्टी बघून त्या हसल्या, पण नेलं. ते वाचून झाल्यावर 'आलेली बाई' मागायला आल्या. अशी त्यांनी ती कादंबरी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली. मी मात्र धास्तावले होते. त्यांनीही उद्या येऊन नुसतं 'छान हाय' म्हटलं, तर पुढं मी कुणाची वाट बघायची?

पुढच्या शनिवारी आत्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती आणि सर पट्ट्या कापत होते. मावशी आल्या त्या थेट टेबलापाशी. आत्या कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकाच गावात राहूनही दोघींची गाठ कधी पडली नव्हती, कारण आत्या कुठं जेवायला जात नाही आणि मावशींना खानावळीतून सवड नाही.

'ताई,' त्या म्हणाल्या आणि पुस्तक उघडून एका पानावर बोट ठेवलं. 'हितं बाईला ताप आल्याला हाय. माळी तिला आमटी करून आनतो. आन तिच्या वाटीत निघती ती गाठ.' बोलताना त्यांचा आवाज खाली आला. 'गवती चहाची. ती बाई धुऊन पुस्तकात ठिवती. मंग पंगतीतला आचारी म्हंजी त्योच ना?'

मी आत्याकडे बघितलं. तिचे दोन्ही हात टेबलावर होते आणि ती बोलणाऱ्या आवाजाच्या दिशेनं तोंड जरा तिरकं धरून बसली होती, बाजूनं दिसावं म्हणून. मी मावशींना म्हटलं, 'ह्यांना विचारा. त्यांनी लिहिलंय.'

मावशी दचकल्या. पुस्तक लिहिणारी माणसं वलवणला असतात असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि आत्यापाशी जाऊन जरा वाकून विचारलं, 'त्यो बुडाला न्हाई ना, आक्का? जित्ता हाय ना त्यो?'

आत्या म्हणाली, 'व्हय. हाय.'

जन्मात मी तिच्या तोंडून 'व्हय' ऐकलं नव्हतं. सरांची कात्री थांबली.

मावशींनी मोठा श्वास सोडला. खुर्ची ओढून त्या आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. 'पर बाई तर पंगतीला न्हवती,' त्या म्हणाल्या. 'मंग गाठ कुनासाटी मारली त्यानं?'

'सवय ऱ्हाती,' आत्या म्हणाली.

मावशींनी आत्याचा हात धरला होता आणि तिनं तो धरू दिला होता, हेही मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू आलं आणि या खेपेला मी सरांवर खेकसले नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. बाइंडरचं, पट्ट्यांचं, तीन कपाटांचं. तिन्ही पुस्तकं आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. मला वाटलं होतं तिला लागेल. पण ती म्हणाली, 'बरं केलंत. एकदम सगळं कोण उचलणार होतं.'

सर उठून आले. त्यांनी घसा साफ केला. 'आत्याबाई, आता एकत्रच ठेवू. पण मग पट्टी कुठली लावू? तुम्हीच सांगा. तिन्हींपैकी एक काहीतरी ठरवायला हवं.' त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. खरंच विचारत होते बिचारे.

'बघते,' आत्या म्हणाली, परत तिच्या लख्ख भाषेत. 'कळवते आपल्याला.'

मावशींनी आधीच एक सुतळी शोधून तिन्ही पुस्तकं बांधायला घेतली होती. गाठ त्यांनी फार काळजीनं मारली.

त्या दिवशी आत्याला पोचवायला मी रिक्षात तिच्याबरोबर बसले. बाजारात गाड्या हलत नव्हत्या. मुंबईच्या एका गाडीतली मुलं खिडकीतून चिक्कीचे कागद खाली टाकत होती आणि रिक्षावाला त्यांच्यावर तोंडसुख घेत होता. मी बराच वेळ धीर गोळा करत होते. गाठ मारलेली गवती चहाची पात मी लहानपणापासून आत्याच्या आमटीत बघत आले होते. ती तिला सुचलेली युक्ती आहे, आणि तीच तिनं गोष्टीत घातली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

'आत्या,' मी म्हटलं, 'तो माळी खरा होता का गं?'

'तू घरची,' ती म्हणाली. 'तुला कशाला सांगू.'

रिक्षा बाजारातून सुटली, वलवणच्या रस्त्याला लागली, उजव्या हाताला पाणी दिसायला लागलं. तिला ते दिसत होतं की नाही कोण जाणे, पण तिनं तोंड तिकडे वळवलं होतं. घराशी उतरताना तिनं माझ्या दंडाला धरलं आणि पायरी सापडेपर्यंत सोडलं नाही.

'सरांना सांग,' ती म्हणाली, 'निळी लावा म्हणावं.'